पाट्यावरील कुजबुजीबाबत

मी, शिवरतन रामकिसन किराडू, वय ७१, इतिहासाचा निवृत्त अध्यापक, राहणार बिकानेर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझे चित्त ठिकाणावर आहे. धाकटा भाऊ मेघराज चौकात याच्या उलट बोलतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझी पत्नी गवरादेवी फाल्गुनात निवर्तली. तेव्हापासून मेघराज व माझा मुलगा नरसिंह दारापुढील बसण्याच्या लाकडी पाट्यावर कुजबुजतात आणि मला पाहताच गप्प होतात. त्यांचा डोळा घरावर आहे, अशी माझी खात्री झाली आहे. सबब घर मोहल्ल्याच्या वाचनालयास द्यावे. (हे कलम काल लिहिले.)

२. राव बिकांवरील माझे हस्तलिखित मेघराजच्या हाती पडू नये. त्याने त्याची दोन पाने पतंगाला चिकटवली होती.

३. काल, नगराच्या स्थापनादिनी, ते दोघे पुन्हा कुजबुजताना दिसले. जोधपूरच्या दरबारात बिका व काका कांधल असेच कुजबुजत असता बिकांचे वडील राव जोधा यांनी टोमणा मारला आणि मुलगा कायमचा निघून गेला, त्यानेच पुढे हे नगर वसवले, असे सांगतात. मीही तेच विचारले, "काय, काका-पुतणे कुठलं राज्य जिंकायला निघालात?"

नरसिंह उठून उभा राहिला. "बिकाजी तेवढ्यावरच निघून गेले, बाबूजी. मीही बॅग भरू?"

मेघराज म्हणाला, "भाईजी, भाभीला जाऊन वर्ष होईपर्यंत तुमच्या चुलीवर सणाचं रांधायचं नाही. उद्याचा खिचडा माझ्या घरून आणायचा, एवढंच ठरत होतं. तुमच्यासमोर तिचं नाव काढवत नाही हो!"

मी तीस वर्षे हा प्रसंग वर्गात शिकवला. गवरादेवी स्वयंपाकघरातून म्हणे, "मुलाचा पराक्रम शिकवता, बापाच्या जिभेचं कोण शिकवणार?" 

४. कलम १ रद्द. ते खोडलेले नाही. पुरावा नष्ट करणे मला मान्य नाही. घर नरसिंहाचे. माझा टोमणा मी मागे घेतो.

५. आज खिचडा आला. तूप गवरादेवी घालत असे तितकेच होते. मेघराजला हे प्रमाण कोणी सांगितले, याचा उलगडा झालेला नाही.

६. पाटा मेघराज व नरसिंह या दोघांना समाईक, त्यावर कुजबुजण्याच्या हक्कासह. मी जवळ आलो तरी त्यांनी थांबू नये.

वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

शिवरतन रामकिसन किराडू

साक्षीदार : ब्रजरतन ओझा (शेजारी), डॉ. विमला रंगा

बिकानेर, अक्षय तृतीया, १० मे २०२४