डिकीतले दोन कट्टे

गोरेगाव, जि. गोंदिया

आदरणीय टेकचंद जवाईबापूंना,

तुमचा साळा नंदलाल याचा दोन्ही हात जोडून रामराम. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन रायपुरात नीट पार पडलं आणि तुम्ही सुखरूप देवरीला परत आलात, हे ऐकून घरात सगळ्यांना हायसं वाटलं. आता जिवाला जपा. वाकू नका, वजन उचलू नका, असं डॉक्टरांनी सांगितलंच असेल. मी माझ्यातर्फे एवढीच भर घालतो, की कुठल्याही वस्तूच्या खाली डोकावून पाहू नका. (फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोनवर तुम्ही माणसाला मध्येच तोडता, आणि हा मजकूर तोडण्यासारखा नाही.) पत्र आमच्या बहिणीकडून, दुर्गेश्वरीकडून, मोठ्यानं वाचून घ्या. वाचताना तिला मध्येच खोकला आला, तर ते आजारपण समजू नका.

मुख्य बातमी आधीच सांगतो: गाडीला शॉकअप मिळाले! होय, आमच्या बाबूजींच्या त्याच ॲम्बेसेडरला, जिला तुम्ही दसऱ्याला चारचौघांत ‘मळणीयंत्र’ म्हणालात. तेच मळणीयंत्र आता तळ्यातल्या डोंग्यासारखं चालतं. तुमचा शब्द तुम्हाला सव्याज परत.

शॉकअपची एवढी निकड का पडली ते तुम्हाला ठाऊक असायला हवं, पण माझ्या आचलच्या साखरपुड्याला तुमची हजेरी जेवणापुरतीच होती, म्हणून सांगतो. केशोरीचे आपले व्याही इंद्रकुमारजी यांना मी हौसेनं आपल्या गाडीतून शेत दाखवायला नेलं. नहराच्या मोरीवर, त्या बुटक्या पुलावर, गाडीनं अशी उसळी घेतली, की व्याह्यांचं डोकं छताला लागलं आणि टोपी थेट नाकावर आली. माणूस सभ्य. टोपी सारखी करून एवढंच म्हणाले, की नवरी आम्ही आमच्या नव्या गाडीतून नेऊ, तुम्ही कष्ट घेऊ नका. जवाईबापू, शिवी दिली असती तरी मला चाललं असतं! आमच्या घरची एकही लेक दुसऱ्याच्या गाडीतून सासरी गेलेली नाही. दुर्गेश्वरीला तर बाबूजींनी स्वतः गाडी चालवत तुमच्या दारात आणून सोडलं होतं. आचलनं ऐकलं मात्र, आणि मला सुनावलं, “मी आज्याच्या गाडीतच जाईन. नाही तं तुमीच जा केशोरीले नांदाले.” पोरगी माझ्यावर गेली आहे, दुसरं काय.

आमचा मिस्त्री जागेश्वर गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, “मागचे शॉकअप कायचे भाऊ, निस्ते पाइप होत!” मग सुरू झाली वणवण. गोंदियाच्या बाजारात एक दुकानदार म्हणाला, “चाचा, इसका माल अब सिर्फ फोटो में मिलेगा.” दुसऱ्यानं छातीठोकपणे एक जोडी दिली, ती निघाली मालवाहू रिक्षाची. ती लावल्यावर गाडी मागून उंच आणि पुढून खाली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पाया पडते आहे असं दिसू लागलं. (आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, या घरात निदान गाडीला तरी वळण आहे.) शेवटी जागेश्वरनं ती काढून टाकली आणि तात्पुरता इलाज म्हणून डिकीत धानाचे दोन भरलेले कट्टे ठेवले. वजन पडलं आणि गाडी गप बसली! आपण धान पिकवणारी माणसं. दुखणं कोणतंही असो, औषध कोठीतच सापडतं.

त्याच कट्ट्यांच्या भरवशावर मी आणि जागेश्वर शॉकअप शोधायला राजनांदगावकडे निघालो. आता, हा धानाचा हंगाम, आणि राज्याच्या सीमेपलीकडे भाव जास्त. तेव्हा इकडचं धान चोरून तिकडे जाऊ नये म्हणून नाक्यावर डिक्या उघडतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत. आम्हा दोघांनाच नेमकं आठवलं नाही. साहेबानं डिकी उघडली आणि विचारलं, धान कुठे खपवता? मी खरं तेच सांगितलं, “साहब, ये धान नहीं, शॉकअप है.” त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं दुर्गेश्वरीला पाहायला आलात तेव्हा तुम्हीही पाहिलं नव्हतं. तरी माणूस न्यायी. दोन्ही कट्टे उतरवायला लावून स्वतः मागच्या सीटवर बसला आणि गाडी खड्ड्याखड्ड्यांतून फिरवायला लावली. उतरला तो कमरेवर हात ठेवून. म्हणाला, “रख लो चाचा, वापस रख लो. लेकिन घर जाओ.”

अपमान म्हणाल तर झाला, पण दैव बघा. परत येताना देवरीतच माल मिळाला! आपल्याच मॉडेलची जोडी, वापर जवळजवळ नाही, नुसती हळद-कुंकवाची बोटं उमटलेली. विकणाऱ्याचं नाव आत्ताच सांगत नाही. भला माणूस आहे. किती भला आहे, हे अजून त्याला स्वतःलाही ठाऊक नाही.

मग मी व्याह्यांना जेवायला बोलावलं आणि मुद्दाम त्याच रस्त्यानं आणलं. हातात काठोकाठ भरलेला चहा दिला, तोही बशीशिवाय. व्याही एका हातानं टोपी धरून बसले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “मोरी कवा येते जी?” मी म्हटलं, “गेली.” त्यांनी मागे वळून मोरीकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, आणि टोपीवरचा हात काढला. म्हणाले, “नवरी याच गाडीत येईल, अन् मी बी याच्यातच बसीन.” जवाईबापू, मी त्या मोरीवरून गाडी पुन्हा मागे नेली आणि पुन्हा पुढे आणली. मला एवढा आनंद लेक पास झाली तेव्हाही झाला नव्हता.

असो. लग्नाला आठ दिवस आधी या. घरचे जावई म्हणून लग्नविधींत पुढे राहणाऱ्या सवाशाचा मान तुमचा. तुमच्याशिवाय मांडवाचा एक खांबही रोवणार नाही.

तुमचा,
नंदलाल

ता. क. लग्नाला स्वतःच्या गाडीनं येऊ नका, एसटीनं या. एसटी आता फार चांगली झाली आहे.

आणखी ता. क. गाडी काढायचीच असली, तर डिकीतले दोन कट्टे उतरवू नका. धान चांगलं आहे, एचएमटी वाणाचं. तुमची गाडी वर्षातून एकदा, दसऱ्याच्या पूजेपुरती गोठ्याबाहेर निघते, तेवढ्याला कट्टे पुरतील. तुम्ही रायपुरात डोळ्यांवर पट्टी बांधून होता, म्हणून विचारायला जमलं नाही. किल्ली दुर्गेश्वरीनं दिली, आणि जागेश्वरला कंदीलही तिनंच धरला. (आता तिला खोकला आला असेल.)

शेवटचं ता. क. आता खरं काम. पाठवणीच्या दिवशी गाडी तुम्ही चालवा. बाबूजी असते तर प्रश्न नव्हता. मी चार वेळा स्टेअरिंग धरून पाहिलं. आचल मागे बसली आहे असं नुसतं मनात आणलं, तरी मला समोरचा रस्ता दिसत नाही. तुमचे डोळे आत्ताच नवे झाले आहेत. आणि मोरी आली तरी काळजी नाही, शॉकअप तुमचेच आहेत.