एकाहत्तर टक्क्यांची कृती

चि. घाईबाईस मामाचे अनेक आशीर्वाद. तुझी झोप, भूक आणि थीसिस यांपैकी जे शिल्लक असेल ते सुखरूप असो. इकडे गुडघा वगळता सर्व कुशल.

पंधरा वर्षांपूर्वी रसायनशास्त्राच्या मासिकात छापलेल्या माझ्या कृतीने तुला तिसऱ्यांदाही अठराच टक्के उतारा दिला. त्यावर तुझे सर म्हणाले, "मामांना एकाहत्तर मिळतात, म्हणजे दोष तुमच्या हाताचा." आता सगळे सोडून घरी येतेस म्हणे. वाचून वाईट वाटले. (किंचित बरेही वाटले, मनुष्यस्वभाव, क्षमा असावी.) म्हटले, स्वतः करून दाखवावे. अवघड ते काय? पिरिडिनच्या नायट्रोजनवाल्या वलयावर बोरॉनिक आम्लातला गट बसवायचा आणि बोरॉनला निरोप द्यायचा. चांदीचा क्षार, परसल्फेट, थोडे आम्ल, चंबू उघडा, आणि ढवळत बसायचे.

पहिल्या खेपेला बोरॉन गेला, पण तो गट वलयाकडे फिरकलाच नाही. वाटेतच एक हायड्रोजन गाठून संसाराला लागला. दुसऱ्या खेपेला बसला, तो थोडा दोन नंबरच्या जागी, थोडा चारच्या. जन्मभर अद्वैत वाचले आणि चंबूत हे द्वैत! चांदीच्या क्षाराने दहाही बोटे काळी झाली. मामीने ती निरखली आणि म्हणाली, "तोंड तेवढं राहिलंय." पुढे पाच वेळा केले. पाचही वेळा एकोणीस टक्के. (तुझ्याहून एक जास्त, तो वयाचा मान समज.) सबब चिकाटी धरावी, घाई करू नये, हाच उपदेश. कळावे.

तुझा मामा

ता. क. जुनी वही काढली. त्या शुक्रवारी मला परिषदेची गाडी गाठायची होती, म्हणून पदार्थ न वाळवताच तोलला. एकाहत्तर टक्क्यांतले बावन्न म्हणजे निव्वळ ओल, उरतात ते एकोणीसच. समासात माझ्याच अक्षरात आहे: 'ओलं आहे, सोमवारी पुन्हा तोलणे.' तो सोमवार पंधरा वर्षे उजाडला नाही. तेवढ्या वर्षांत किती पोरांचे हात दोषी ठरले असतील, मोजवत नाही.

आणखी एक. मासिकाला आज दुरुस्ती कळवली. वहीच्या त्या पानाचा फोटो सोबत आहे; तो सरांपुढे ठेव आणि मगच घरी यायचे की नाही ते ठरव. तुझे अठरा खरे आहेत, तसेच छाप. घाईबाई हे नाव मात्र परत पाठव. त्याचा मूळ धनी इथे सापडला आहे.