सही करणाऱ्याशीही

ताई,

सरकारने मानसिक आरोग्यासाठी कृती दल नेमलंय आणि मी त्याचा सदस्य आहे. हसू नकोस. बाकी सगळे डॉक्टर नाहीतर अधिकारी; माझ्यापुढच्या पाटीवर मात्र ‘रुग्णानुभव’ लिहिलंय. घाबरलो तर पटकन निघता यावं म्हणून मला दाराजवळ बसवतात. तिथे वारा छान येतो, म्हणून मीही काही बोलत नाही. पण सांगायचं ते वेगळंच.

काल घरच्यांच्या सहीने रुग्णाला मनोरुग्णालयात दाखल करण्याच्या नियमावर चर्चा होती. अध्यक्षबाई म्हणाल्या, “तुमच्या वेळी बहिणीने सही केली होती ना? बोला बिनधास्त.”

सगळ्यांना वाटलं, मी तुझ्या नावाने खडे फोडणार. सहा वर्षं तेच करतोय. सही केली आणि मागे वळूनही न बघता निघून गेली, असं गावोगाव सांगत फिरलो.

ते खोटं आहे, ताई. मी वरच्या खिडकीतून बघत होतो. माझ्या चपला पिशवीत घेऊन तू संध्याकाळपर्यंत फाटकापाशी उभी होतीस. कुणी तुला साधं ‘बसा’ म्हणालं नाही.

मी एवढंच म्हणालो, “सही करणाऱ्याशीही कुणीतरी बसून बोलावं, असं लिहा.”

“छान सुचलं हो तुम्हाला,” म्हणत त्यांनी लिहून घेतलं. आता त्या कामावर ते कुणाला तरी नेमतील. तुझ्याशी बोलायचं काम मात्र माझं होतं.

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. रविवारी स्वतःच येतो. तू ‘आत ये’ म्हणेपर्यंत तुझ्या फाटकापाशी उभा राहीन.

तुझा,
भटक्या