चुकामूक झाली तर

दि. ९ ऑक्टोबर

चि. चिमूस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुम्हा दोघांना चांगलं ठेव, एवढं रोज देवापुढे बसल्यावर मागते. बाकीचं मागणं आताशा कमी केलं आहे.

आधी सामानाचं लिहिते, नाहीतर राहून जाईल. जूनमध्ये मागवलेलं पार्सल परवा आलं. त्यातून निघालं ते असं : मानेभोवती घालायच्या फुगवायच्या उशा दोन, सहाशे चाळीस. पायांना घट्ट बसणारे लांब मोजे दोन जोड, नऊशे. बॅग लटकवून वजन करायचा काटा एक, साडेतीनशे. वर पोचवणावळ ऐंशी, जी मागवताना फुकट म्हणाले होते. मी दारातच वाद घातला, पण तो बिचारा नुसता आणून देणारा. त्याच्यावर तोंड टाकून काय मिळणार? पाणी देऊन पाठवला.

मोजे, काटा आणि एक उशी वेगळ्या पुडक्यातून तुला पाठवली आहे. पैसे पाठवू नकोस. अगदीच चैन पडत नसेल तर मोज्यांचे पाठव. उशी एकच आहे, कारण दुसरी ह्यांना आवडली.

तू लिहितेस, ''चौघांनी जायचं म्हणून दोन वर्षं सगळं तूच ठरवलंस आणि आता ऐन वेळी आम्हाला दोघांनाच पुढे ढकलतेस. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही.'' म्हणून जे जमवलं होतं ते सगळं लिहून देते. मी विमान अजून खालूनच पाहिलंय हे तुला ठाऊक आहे. पण एजन्सीतल्या मुलीचं डोकं खाऊन, वाचनालयातली पुस्तकं चाळून आणि वरच्या मजल्यावरच्या बाई दोनदा जाऊन आल्या त्यांना विचारून हे गोळा केलंय. वाया जायला नको.

पोचल्याच्या दिवशी काहीही बघायचं ठरवू नका. एजन्सीवाल्यांनी त्याच दुपारी बोटीची फेरी घातली होती, ती मी भांडून दुसऱ्या दिवसावर नेली. विमानात बसल्याबरोबर घड्याळ तिथल्या वेळेवर लावा आणि घरी आता किती वाजले असतील हे मोजत बसू नका. तिथे उजेड असला तर डोळे ताणून जागं राहायचं, अंधार पडला की झोपायचं. तुझ्या यजमानांना हे जड जाणार. ते दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतसुद्धा घोरलेले आहेत. त्यांना कडेची जागा दे, म्हणजे पाय मोकळे करायला उठवता येईल. एका जागी तासन्‌तास बसून पाय सुजतात, मोजे त्यासाठीच. पाणी थोडं थोडं सारखं प्यायचं. बाथरूमला जावं लागेल म्हणून तू पाणी टाळतेस, तो शहाणपणा तिथे नको.

मधे विमान बदलायचं आहे तिथे वेळ भरपूर ठेवून घेतलाय. कंटाळा येईल, पण धावपळ नाही. चाकाची खुर्ची हवी असल्यास आत्ताच कळवावं लागतं, तिथे जाऊन मागितली तर मिळेलच असं नाही. यजमान म्हणतील, मी काय म्हातारा झालो? तर म्हणावं, खुर्चीवाल्याला रांग लागत नाही. मग बसतील.

पैसे एका जागी ठेवू नका. पासपोर्टच्या छायाप्रती दोघांकडे वेगवेगळ्या असू देत. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. आणि कपडे अर्धे अर्धे भरायचे : तुझे निम्मे त्यांच्या बॅगेत, त्यांचे निम्मे तुझ्या. एक बॅग कुठे हरवली तरी दोघांच्या अंगावर घालायला काहीतरी राहतं. आम्ही तसंच भरलं होतं. ह्यांच्या बॅगेत माझा निळा स्वेटर वर आहे, तू विणलेला.

बॅग अजून भरलेलीच आहे. हे उपसू देत नाहीत.

विम्याच्या फॉर्मवर आधीचे आजार लपवू नका. लपवलं तर वेळेला एक पैसा देत नाहीत. आमचं त्या फॉर्मपाशीच अडलं.

चिमू, माझे गुडघे चांगले आहेत. मागच्या पत्रात गुडघ्यांचं लिहिलं ते खोटं होतं. खरं फोनवर सांगावं तर हे शेजारीच बसलेले असतात, आणि हे नसतात तेव्हा मला बोलवत नाही.

ह्यांचं विसरणं तुला माहीत आहे. चष्मा, किल्ल्या, तुझ्या मुलीचं नाव. आपण हसायचो. एजन्सीत फॉर्म भरताना त्या मुलीने ह्यांना विचारलं, ''काका, सोबत कोण?''

''पत्नी,'' हे म्हणाले.

''ह्या ना?'' तिने माझ्याकडे पाहिलं.

ह्यांनीही पाहिलं. नीट पाहिलं, अगदी माणूस आठवून बघतो तसं. म्हणाले, ''नाही, नाही. ह्या मला सोडायला आल्यात.'' आणि माझ्याकडे वळून, ''उगाच तुम्हाला तसदी.''

ती मुलगी चेष्टा समजून हसली. मीही हसले. बाहेर आल्यावर ह्यांनी मला रस्ता ओलांडताना हात दिला, तोही परक्या बाईला देतात तसा, कोपराला धरून.

डॉक्टरांना भेटलो. डॉक्टर चांगले आहेत, घोळवून सांगत नाहीत. म्हणाले, ''यात आता मागे फिरणं नाही. शांत राहतील असं बघा.'' मी त्याच आठवड्यात आमची दोघांची तिकिटं रद्द केली. निम्मे पैसे बुडाले, त्याचं मला काही वाटलं नाही. तुला लिहिताना मात्र वाटलं, म्हणून गुडघे पुढे केले.

आता नीट वाच. पुढचं मी दोनदा लिहू शकणार नाही.

ह्यांच्या डोक्यात आपण जाऊन आलो. दोन वर्षं रोज संध्याकाळी मी हेच वाचून दाखवायचे ना : विमान कुठे बदलायचं, तळ्याकाठची खोली, बोट. ते सगळं त्यांना आठवतं, घडल्यासारखं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, तळं फार छान होतं, टपालाच्या तिकिटावर असतं तसंच. हे टपाल कचेरीत पत्रांच्या छाटणीला असताना त्या देशाचं पाकीट हातात आलं की तिकिटावरचं ते तळं बघायचे. तिथे जायचं वेड तिथूनच लागलेलं. जाऊन आलो असं वाटतंय तर वाटू दे, असं मी म्हटलं असतं. पण ह्यांच्या हिशेबी परत आले ते एकटेच. बायको मागे विमानतळावर राहिली.

मी म्हटलं, ''अहो, मी ही काय इथे.''

''बाई, असली थट्टा करू नये,'' म्हणाले. बॅग उघडून निळा स्वेटर काढून दाखवला. ''हा तिचा. ती बरोबर नव्हती तर तिचा स्वेटर माझ्या बॅगेत कसा?''

अर्धे अर्धे कपडे मीच भरले होते.

आणखी एक मीच केलंय. पुस्तकात होतं, परक्या ठिकाणी चुकामूक झाली तर दोघांनी एकमेकांना शोधत फिरू नये, एकाने जागच्या जागी उभं राहावं. ह्यांचं विसरणं बघून मी ते पक्कं करून घेतलं. रविवारी आम्ही बसच्या मोठ्या तळावर जायचो, बॅग घेऊन. ह्यांना खांबापाशी उभं करून मी गर्दीत शिरायची, चक्कर मारून परत यायची. ''हललात का?'' ''नाही.'' ''कोणी चला म्हटलं तर?'' ''जायचं नाही. तू येईपर्यंत थांबायचं.'' लोक बघायचे, म्हणायचे हे काय पोरखेळ चाललेत. आम्हाला मजा वाटायची.

बाकी सगळं गेलं, हे तेवढं राहिलं. दुपारचं ऊन उतरलं की कोट घालतात, परवापासून ती उशीही मानेला लावतात, बॅग घेऊन जिन्याखाली दाराशी उभे राहतात. खुर्ची दिली तर बसत नाहीत. मी म्हणते, आत चला, वारा सुटलाय. तर म्हणतात, ''मला हलायचं नाही. हिने सांगितलंय.'' कधी शिंपीणबाईंना सांगतात, त्यांचं दुकान खालीच आहे. ''फार हिशेबी बाई आहे हो. रिक्षाचे पैसे वाचवायला चालत येत असेल, म्हणून उशीर.'' शिंपीणबाई माझ्याकडे बघत नाहीत, सुईत दोरा ओवत बसतात.

गेल्या आठवड्यात उभ्या उभ्या चक्कर येऊन पडले. कपाळाला खोक पडली. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून पुन्हा तिथेच. पुढे थंडी आहे. असे उभे राहिले तर थंडी काढणार नाहीत, हे डॉक्टरांनी सांगायची गरज नाही.

मग मला एक दिसलं. एक दिवस मला रेशनला जायचं होतं, म्हणून सवयीने चिठ्ठी लिहून ताटाशेजारी ठेवली : जेवून घ्या, मी येते. परत आले तर ताट चाटूनपुसून स्वच्छ. चिठ्ठी कोटाच्या खिशात. मला म्हणाले, ''हिचं पत्र आलं. अक्षर बघा, ओळी कशा चढत जातात.'' माझा चेहरा गेला चिमू, अक्षर राहिलंय.

मी हरखले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं : दारात उभे राहू नका. तर चिठ्ठी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, ''हिला तिकीट नाही, शिक्का नाही. म्हणजे टपालाने आली नाही. म्हणजे ती इथेच कुठेतरी जवळ आहे.'' आणि निघाले रस्त्याने मला शोधायला, मी हाका मारत मागे. मागे वळून मलाच विचारतात, ''तुम्हाला दिसली का हो?''

जन्मभर शिक्के बघितलेला माणूस आहे. इथला शिक्का चालणार नाही, खोटा तर नाहीच नाही.

म्हणून सोबत एक कार्ड ठेवलं आहे. माझ्या हातचं. ते तिथल्या पाकिटात घालायचं, वर चिकटवायला पत्त्याचा कागद मीच लिहून दिलाय. तळ्याच्या गावातून, तळ्याचं तिकीट लावून टाकायचं. तिकीट बघून घे, दुसरं कुठलं देतील. पेटीत टाकू नकोस, आत जाऊन शिक्का स्पष्ट उठवून माग. बोटीच्या फेरीच्या आधी टपाल कचेरी उघडते, मी चौकशी केली आहे. तुझ्या हातचं एक अक्षरही त्यावर घालू नकोस.

तू वाचणारच, म्हणून मजकूर इथेच देते :

''मी सुखरूप आहे. इथे थंडी आहे, तळं छान आहे. मला यायला वेळ लागेल. दाराशी उभे राहू नका, आत बसून वाट बघितली तरी चालेल. घरात ज्या बाई आहेत त्या वेळेवर जेवायला देतील. त्यांचं ऐकत जा. त्या चांगल्या आहेत.''

शेवटच्या ओळीला हात अडखळला. स्वतःबद्दल असं लिहायची सवय नाही.

ते कार्ड इथे पोचलं की मी घरात नुसती बाई होणार, हे मला कळतं. मग कधी एखाद्या सकाळी ओळखलं तरी ते म्हणतील, ती तर तिकडे आहे, पत्र आहे माझ्याकडे. ती सकाळ येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. मी पूर्वी देवाला ती मागायची, आता मागत नाही. हे आत बसावेत, खावं, पडू नयेत, एवढं झालं तरी पुरे. कार्ड देवापुढे ठेवलं आणि मगच ह्या पत्राच्या पाकिटात घातलं. यात पाप असलं तर ते माझ्याकडे मांडायला सांगितलंय, तुझ्याकडे नाही.

आता तू रडशील आणि यजमानांना म्हणशील, आपण नको जायला. तसं करू नकोस. तुम्ही गेलात तरच हे होणार. पहिल्या दिवशी आराम करा, दुसऱ्या दिवशी बोटीत बसा. बोटीत डाव्या बाजूला बसा, डोंगर तिकडून दिसतो म्हणतात. मी चौघांसाठी तीच बाजू मागून ठेवली होती.

नेशील ना कार्ड, तेवढं उलट टपाली कळव. उत्तर घरच्या पत्त्यावर नको, आलेलं टपाल दाराशी हेच घेतात आणि अक्षर बघतात. शिंपीणबाईंच्या दुकानावर पाठव, त्यांना सांगून ठेवलंय.

वारा सुटलाय. हे खाली गेलेत, मलाही शाल घेऊन जायला हवं.

चुकामूक झाली त्याच जागी उभी,
तुझी ताई