पडद्यावरचे पिवळे हात

संचिता बाय,

मी देवबागाक उर्वशीच्या घरी जातंय. जेवणाक माझी वाट बघू नको.

ऑनलाईन तासाक घराघरातल्या कोंबड्यांचो गलबलो नको, म्हणान तू सगळ्या पोरांचे माईक बंद करून दिलंस. ते परत उघडूचे कसे, ता माका समाजणा नाय. पडद्यार पिवळे हात दिसत. माका वाटला, पोरां नमस्कार करतत! मीय हसान हात हलवलंय आणि फुडे शिकवलंय.

आता मासळी बाजारात उर्वशीची आई भेटली. म्हणाली, "गुरुजी, माझ्या उर्वशीक भागाकार अडलो की ता हात वर करता, तुमी नुसते हसतास. आता ता फोनाक हातच लावणा नाय."

माईकाचा बटण खंय आसा, ता मोठ्या अक्षरात लिवन ठेव गो.

आज तासाक एकय हात वर नव्हतो. माका वाटला, सगळ्यांका समाजला.

— बाबा