नवरा कुणाचा, ते बारीक अक्षरांत होतं

पूर्णा, ता. भिवंडी
रविवार, दुपार

तीर्थरूप केसरीनाथदादास,

धाकट्या चंद्राचा साष्टांग नमस्कार. (आधी ‘तीर्थस्वरूप’ लिहिलं होतं, ते मला शिकवणाऱ्या जोहरा मॅडमनी खोडलं. सख्ख्या वडीलधाऱ्यांना तीर्थरूप आणि बाकीच्यांना तीर्थस्वरूप, असं असतं म्हणे. म्हणजे तू सख्खा आहेस हे आता लेखी झालं.) तुझा गुडघा कसा आहे? हौसावहिनी साखर तपासून घेते का, की अजून ‘मला काय धाड भरलीय’ असंच चाललंय? आमच्याकडे सगळे खुशाल. सासूबाई ठणठणीत आहेत. शंका असेल तर येऊन पाच मिनिटं त्यांच्यासमोर बस.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन असताना पत्र का, तर फोनवर तू बोलतोस आणि मी ‘हं’ म्हणते, हे एक. आणि मला पत्रलेखनाचा सराव हवा आहे, हे दुसरं. मी येत्या मार्चात दहावीला बसतेय, हे तुला वहिनीकडून कळलं असेलच. नसेल तर आता बसून घे. भिवंडीत एका शाळेत रविवारी बायकांचा वर्ग भरतो. पाडव्यापासून जातेय. गणिताची मला भीती नाही, इंग्रजीशी भांडणतंटा करून निभावेन, पण घोडं अडलंय ते वाचनाशी. तुला आठवत असेल, मी बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द चावून वाचते. पहिल्या चाचणीत मराठीच्या तीन तासांच्या पेपरातले जवळजवळ दोन तास मी नुसता पेपर वाचण्यात घालवले. शेवटचे तीस गुण माझ्या गावालाच आले नाहीत. मार्चमध्येही असंच झालं तर मी नापास, आणि ‘बाईंना येत होतं, वेळ पुरला नाही’ असं काही गुणपत्रिकेवर छापत नाहीत.

तेव्हा आमच्या करिष्माने (ती आता कॉलेजात आहे, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना शिकवते) मोबाइलवर भराभर वाचायचे व्हिडिओ शोधले. त्यातला माणूस म्हणतो, ओठ हलवू नका, ओठ हलले की वेग मेला. माझे ओठ काही ऐकेनात. मग तो म्हणाला, तोंड कशात तरी गुंतवून ठेवा. मी तोंडात पाण्याचा घोट धरून वाचायला बसले. पहिल्याच सकाळी सासूबाईंनी विचारलं, भाजी कोणती करायची. तोंडात पाणी, मी नुसतं बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा बघितलं. त्यांना वाटलं, मी रुसले. कशावरून रुसले हे त्या मनातल्या मनात शोधत राहिल्या, त्यांना एक सोडून चार कारणं सापडली असावीत, कारण त्या दिवशी भाजी त्यांनी केली, भांडी त्यांनी घासली आणि संध्याकाळी माझ्यासमोर चहाचा कप आणून ठेवला. वीस वर्षांत पहिल्यांदा. वाचनाचा वेग काही वाढला नाही, पण ही युक्ती मी सोडलेली नाही.

दुसरा नियम असा, की प्रत्येक शब्द वाचायचा नाही, मोठमोठी अक्षरं तेवढी पकडायची आणि पुढे जायचं, मागे वळून बघायचं नाही. हा नियम मी नेमका वैशाखात, लग्नपत्रिकेवर लावला. आपल्या लोकांच्या पत्रिका तुला माहीत आहेत. प्रेषक, निमंत्रक, आपले नम्र, मग सगळे काके, मामे, आत्या, त्यांचे जावई, शेवटी ‘आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं’ म्हणणारी सोळा पोरं. यात लग्न कुणाचं हे सापडेपर्यंत मुहूर्त टळतो. धोंडूबाई आत्यांच्या (ह्यांच्या सख्ख्या आत्या, वळ गावात दिलेल्या) नातवाची, भाविकची पत्रिका आली. मी एका दमात मोठी अक्षरं उचलली: भाविक, हळदी, वळ. पाच सेकंद. करिष्माने घड्याळ लावलं होतं, तिने टाळ्या वाजवल्या.

शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं वळला पोहोचलो, पहिला मांडव दिसला तिथे शिरलो. डीजे चालू, पाहुणे तुडुंब. मांडवात सगळे आपल्यासारखेच, आणि नवऱ्याला तर तू जाणतोसच आपल्याकडे कसं माखतात, डोळे सोडून काही दिसत नव्हतं. ह्यांनी पुढे होऊन त्याच्या गालांना हळद चोपडली, ‘मोठा झालास रे’ म्हणाले. तोही बिचारा ‘हो काका’ म्हणाला. आम्ही आहेराचा पितळी हंडा दिला, वडे-मटण जेवलो, मी आणि करिष्मा तीन गाण्यांवर नाचलो. सासूबाईसुद्धा एका गाण्यावर नाचल्या. मग कुणीतरी माइकवर नवऱ्याचं नाव पुकारलं, आणि हे वाटीतलं मटण तसंच ठेवून माझ्या कानाशी आले. म्हणाले, “अगो, यो नवरा आपला न्हाय.”

घरी येऊन पत्रिका बोट ठेवून वाचली. सोळा पोरांच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: जागेअभावी हळदी समारंभ शाळेमागील मैदानात. हंडा परत मागायचा कसा? धोंडूबाई आत्या दोन महिने बोलल्या नाहीत. उलट ज्यांच्या मांडवात जेवलो ते लोक इतके चांगले, की त्यांनी पूजेला बोलावलं. आता वळला आमचं एक घर तुटलं आणि एक जोडलं, म्हणजे हिशेब बरोबर.

एवढ्यावर शहाणी झाले असते तर दहावीला बसायची गरजच काय होती. पुढच्या चाचणीत मी उतारा तीन मिनिटांत संपवला. आधी अकरा लागायची. सगळ्या वर्गाकडे मान वर करून बघितलं. उतारा एका म्हाताऱ्या नावाड्याचा होता. ‘वादळ’, ‘होडी उलटली’, ‘गाव रडलं’ एवढं मी पकडलं आणि पाचही उत्तरांत त्याला बुडवून टाकलं, शेवटी माझ्या पदरचे दोन शब्द दुःखाचेही लिहिले. तो तर पोहून आला होता आणि तिसऱ्या परिच्छेदात अंगणात बसून भात खात होता. पाचपैकी शून्य. दादा, त्या दिवशी मी वर्गात रडले. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या बायका तिथे असून रडले.

जोहरा मॅडमनी सगळ्यांना जाऊ दिलं आणि मला थांबवून घेतलं. पार्सलच्या गोदामात मी काय काम करते ते विचारलं. मी सांगितलं, लाइनवर ड्युटी, येणारं खोकं बघायचं आणि त्या त्या भागाच्या पिंजऱ्यात, म्हणजे जाळीच्या गाडीत, टाकायचं, तासाला चारशे. त्या म्हणाल्या, मग चारशे लेबलं वाचतेस कशी? मी म्हटलं, वाचते कुठे, पिनकोड शोधते, बाकीकडे बघतही नाही. फक्त ‘काच’ लिहिलेलं दिसलं की हात आपोआप हळू होतो. त्या हसल्या. म्हणाल्या, “मग उताऱ्यालाही आधी विचार, तुझ्याकडून मला काय हवंय. प्रश्न अगोदर वाच. बाकी ठिकाणी धाव, पण काच आली की थांब. थांबायला लाजू नकोस.”

एवढं साधं होतं. आता मी आधी प्रश्न वाचते, मग उतारा. बोट ठेवतेच, पण बोट पुढे पळतं आणि मी त्याच्या मागे. एकेका शब्दाऐवजी दोन-तीन शब्दांची जुडी उचलते. एक परिच्छेद झाला की डोळे मिटून स्वतःला सांगते, यात काय झालं. सांगता आलं नाही तर पुन्हा मागे. व्हिडिओवाल्याला काय बोलायचं ते बोलू दे. गेल्या रविवारी सहा मिनिटं, पाचपैकी चार बरोबर, आणि पूर्ण पेपर दहा मिनिटं राखून संपला. त्या दहा मिनिटांत काय करावं कळेना, म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसले. फार बरं वाटलं. मी पास होईन, दादा. मला खरंच वाटतं आता.

वहिनीला नमस्कार. पोरांना सांग, आत्याने विचारलंय अभ्यास किती झाला. आता मला विचारायचा हक्क आहे.

तुझी,
चंद्रा

ता. क. पत्र खरं याच्यासाठी. बोर्डाच्या अर्जाला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. मागच्या महिन्यात आपल्या खारबावच्या शाळेत जाऊन आले. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. दाखला दिलेला आहे, घेणाऱ्याच्या जागी तुझी सही आहे, आणि सोडण्याचं कारण ‘पालकाच्या विनंतीवरून’. दोनच शब्द, पण ते मी माझ्या जुन्या वेगाने वाचले. मग तुझ्या दारापर्यंत येऊन परत फिरले. राग आला होता, खोटं कशाला बोलू. बाबा त्याच वर्षी गेले, आई अंथरुणाला, तू एकोणीस वर्षांचा, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी आला. आता बराचसा गेलाय. दाखल्याची दुय्यम प्रत काढायला वेळ लागेल आणि अर्जाची मुदत या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत आहे.

ता. क. दुसरा. तू पत्रं वरवर वाचतोस, म्हणून उताऱ्याखाली असतात तसे प्रश्न देते. एका वाक्यात उत्तरं: (१) चंद्राला कोणता कागद हवा आहे? (२) कोणत्या तारखेच्या आत? (३) तो कोणी आणून द्यायचा आहे? (‘कुणाच्या तरी हाती पाठवतो’ हे उत्तर चूक धरलं जाईल.)

ता. क. तिसरा. आमच्या वर्गाच्या अर्जावर पालकाच्या सहीची जागा आहे. बेचाळीस वर्षांच्या बाईला कसला पालक, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, रिकामी सोड, चालतं. करिष्माचे पप्पा म्हणाले मी करतो, करिष्मा म्हणाली मी करते. मी कुणालाच करू दिली नाही. शाळेतून मला काढताना सही तू केली होतीस. आता घालायलाही तूच ये.