टॉर्च पेटवण्याआधी

४ मार्च

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

तुझी चिमी इथे मजेत आहे. आमच्या फ्रीजदुरुस्तीच्या वर्गात तिचा हात मामाच्याच वळणावर गेलाय, असं मी सगळ्यांना सांगत सुटतो.

बाकी नुसती किळस आली आहे. आम्हा शिक्षकांना ‘अद्ययावत’ करायला तीन दिवस एका हॉलमध्ये कोंबलं होतं. एक सूटवाला पडद्यावर चित्रं दाखवत होता. नव्या गॅसचा फ्रीज कोपऱ्यात होता, पण प्लास्टिकच्या वेष्टनात. उघडून दाखवा म्हटलं, तर म्हणे वॉरंटी जाते! मग प्रत्येकाने वेष्टनावर हात ठेवून फोटो काढून घेतला, की झाले तज्ज्ञ. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

पुढच्या पंधरवड्यात हाच फ्रीज वर्गात शिकवायचाय. शेवटी पाइपच तो! गॅस सोडायचा, झाळकामाचा टॉर्च पेटवायचा, सांधा सोडवायचा. हात घातला की येतंच.

तुझ्या दुरुस्तीच्या दुकानाची खबर कळव आणि भावाची आठवण काढत जा.

तुझा दादा

९ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हातातलं काम टाकून लिहायला बसले. नवा गॅस पेट घेतो रे! जुना पेटत नव्हता, म्हणून तो खोलीतच फुस्स करून सोडायचा आणि लगेच टॉर्च लावायचा, हे तूच आम्हा सगळ्यांना शिकवलंस. गेल्या महिन्यात माझ्या मेकॅनिकने, तुझ्याच विद्यार्थ्याने, तेच केलं. खोलीभर जाळ झाला. भुवया गेल्या, हाताची कातडी सोलून निघाली. करपलेल्या केसांचा वास अजून नाकातून जात नाही. तुला वाईट वाटेल म्हणून कळवलं नव्हतं.

आम्ही आता गॅस नळीने बाहेर सोडतो, उरलासुरला गॅस जावा म्हणून पाइपातून नायट्रोजन फिरवतो आणि सांधा कटरने कापतो. त्या सूटवाल्याची मला शिसारी येते, आणि तुझ्या ‘येतंच’ची त्याहून जास्त. चिमी त्या वर्गात आहे, दादा. सुट्टी काढ आणि माझ्या दुकानात शिकायला ये. धाकट्या बहिणीच्या हाताखाली राबायची लाज वाटत असेल, तर ती घरीच ठेवून ये.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी

१४ मार्च

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. प्राचार्यांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, फोटो वर गेलेत, आता वर्ग झालाच पाहिजे. तुम्ही नाही तर दुसरा घेईल, तोही हॉलमध्ये होताच की. होता ना, वेष्टनावर हात ठेवून! मी म्हटलं, थुंकतो असल्या फोटोवर. जन्मात साहेबाला कधी उलटून बोललो नव्हतो. काही वाटलं नाही.

वर्कशॉपला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली आहे. नोकरी राहील असं दिसत नाही. तुझी वहिनी म्हणते, गेली तर गेली, पोरं धडधाकट राहू देत.

पुढच्या आठवड्यात येतोय. चिमीचा अख्खा वर्ग बरोबर आहे. खिडक्या उघडून ठेव. हजेरी घेशील तेव्हा माझं नाव चिमीच्या खालीच घाल.

तुझा दादा